पान एकशे बारावरची दुरुस्ती

तोंडी परीक्षा सकाळी अकराला होती, आणि कॉलेजच्या गेटवर 'डॉ. सौ. सृष्टीताईंचे हार्दिक अभिनंदन' असा भलामोठा फ्लेक्स आदल्या दिवशीच लागला होता. मधोमध हात जोडलेले अध्यक्ष, बाजूला त्यांची सून सृष्टी, खाली संस्थेच्या सगळ्या शाखांची नावं आणि पार कोपऱ्यात मार्गदर्शक डॉ. गोरक्ष थिटे, टिकलीएवढे. परीक्षा व्हायची होती, पदवी मिळायची होती, पण अध्यक्षांच्या सुनेला नापास करायची कुणाची टाप होती? पेढेसुद्धा येऊन पडले होते, सात किलो.

मोनिका भिंगारदिवेनं स्कूटी आत घालताना वर बघायचं नाही असं ठरवलं होतं. तरी बघितलंच. मागं तिचे वडील बसले होते. एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले आसाराम, घरात सगळ्यांचे आण्णा.

"येवडा मोठा बोर्ड!" आण्णा म्हणाले. "आन तुजं नाव कुटंय?"

"माझं नाव नसतंय त्याच्यावर, आण्णा."

"मंग मला कशाला आनलंस?"

"आत जे बोलतील ना, ते सगळं मी लिहिलेलं आहे. तेवढं ऐका. कुणाजवळ बोलू मात्र नका."

आण्णांनी उतरून इस्त्रीची टोपी नीट केली आणि ते तिच्या पुढं चालू लागले. त्यांना यातलं काही पटलं नव्हतं, हे त्यांच्या पाठीवरूनच कळत होतं.

झालं होतं असं. सृष्टीचा नवरा तीन वर्षं व्हिएन्नात नोकरीला होता. तिकडं दिवसभर करायचं काय, म्हणून बाईंनी पीएचडीला नाव घातलं. विषय झकास निवडला: व्हिएन्नातल्या चिनी आणि सर्बियन स्थलांतरितांच्या सामाजिक-आर्थिक स्थितीचा तौलनिक अभ्यास. चाळीस चिनी आणि चाळीस सर्बियन माणसांकडून प्रश्नावल्या भरून घेतल्या, त्याचा गठ्ठा बॅगेत घातला, नगरला आणला, आणि तिथून पुढं त्या गठ्ठ्याला बाईंनी बोट लावलं नाही. गठ्ठा आला मोनिकाच्या टेबलावर.

मोनिका त्याच कॉलेजात समाजशास्त्र शिकवायची. अकरा वर्षं, तासिका तत्त्वावर. म्हणजे जेवढे तास घ्याल तेवढ्याचे पैसे, दिवाळीची सुट्टी लागली की पैसे बंद, मार्च संपला की नोकरी बंद, आणि जूनमध्ये पुन्हा नवा अर्ज, 'मी सदर पदासाठी इच्छुक आहे'. नेट पास होती. स्वतःच्या पीएचडीसाठी थिटे सरांकडं चकरा मारून मारून चपला झिजल्या. सर म्हणायचे, "आधी सृष्टीमॅडमचं होऊ द्या, मग तुमचंच." आणि अध्यक्षांनी तर केबिनमध्ये बसवून चहा पाजला होता. "आमच्या सुनेला नोकरी करायचीय व्हय? नावापुढं डॉक्टर लागलं की झालं. यंदा समाजशास्त्राची एक कायम जागा भरायचीय. ती तुमचीच समजा." त्या एका वाक्यावर मोनिकानं चौदा महिने काढले. काय करणार हो! तुम्ही-आम्हीही काढले असते.

पण खरी गंमत पुढंच. ते काम करता करता तिला ते आवडायला लागलं. ती केडगावच्या बाहेर फार तर पुण्यापर्यंत गेलेली बाई, पण व्हिएन्नातली ऐंशी माणसं तिला घरच्यासारखी झाली. अठरा नंबरच्या प्रश्नावलीतला चिनी खानावळवाला. त्याला मामानं बोलावलं, मामाच्याच खोलीत उतरला, मामाच्याच खानावळीत सहा वर्षं भांडी घासली आणि सातव्या वर्षी मामानंच त्याला दुसरं दुकान थाटून दिलं. आणि सर्बियन गठ्ठ्यातली सत्तावीस नंबरची बाई. गावाकडं शाळेत शिकवायची, व्हिएन्नात तीस वर्षं दवाखान्याच्या फरश्या पुसतेय. तिच्या नवऱ्याला कारखान्यानं करारावर आणलेलं. एकेका वर्षाचा परवाना. सरकारी कागदात त्या माणसांना शब्द काय, तर पाहुणे. आता पाहुण्याला कोण दुकानाचा गाळा देतो? कोण कायमची खोली देतो? तीस वर्षं पाहुणा राहिलेला माणूस सगळा पैसा गावाकडं पाठवतो आणि तिथं तीन मजली घर बांधतो, ज्यात कुत्रंसुद्धा राहत नाही.

ऐंशी प्रश्नावल्यांत आकडे साफ होते. चिनी पुढं गेलेले, सर्बियन मागं. पण का? पान एकशे बारावर मोनिकानं तो 'का' लिहिला. मेहनत दोघांची सारखीच, ती आकड्यांतच दिसत होती. फरक पडला तो पहिल्या दिवशी दार कुणी उघडलं त्याचा, आणि किती वर्षं 'तुम्ही तात्पुरते' असं ऐकावं लागलं त्याचा. हे लिहिताना तिला पुस्तकं फारशी चाळावी लागली नाहीत. आण्णा काष्टीहून नगरला नोकरीला आले तेव्हा आडनाव सांगितलं की रिकामी खोली आत्ताच भाड्यानं गेलेली असायची. वर्कशॉपच्या शेडमध्ये सात महिने झोपलेत ते. हे सगळं तिनं लहानपणापासून ऐकलेलं. ते पान लिहून झालं त्या दिवशी ती घरात उगाचच हसत होती. आईनं, गोजरबाईनं, विचारलंसुद्धा, "काय गं, कायम झाल्याची ऑर्डर आली का काय?"

तर अकराला परीक्षा सुरू झाली. नियमानं खुली, कुणीही यावं, कुणीही प्रश्न विचारावा. कुणी कुठला प्रश्न विचारायचा ते थिटे सरांनी चिठ्ठ्यांवर वाटून दिलं होतं. प्रश्नही मोनिकाचे, उत्तरंही मोनिकाचीच. सृष्टीनं भारी पैठणी नेसून पाठ केलेलं सगळं धडाधड म्हटलं. पहिल्या रांगेत अध्यक्ष मान डोलावत होते, शेवटच्या रांगेत आण्णा कानामागं हात धरून ऐकत होते. सगळं कसं सुरळीत चाललं होतं.

घोडं अडलं ते बाहेरून आलेल्या परीक्षकांपाशी. पिकल्या केसांचे, मऊ बोलणारे गृहस्थ. त्यांनी प्रबंध खरंच वाचला होता, हीच पंचाईत.

"तुमच्या शब्दांत सांगा," ते सृष्टीला म्हणाले. "हे सर्बियन लोक तीस-तीस वर्षं राहून मागं का राहिले?"

हे चिठ्ठीत नव्हतं. सृष्टी घरात जेवताना बोलतात तशी मोकळेपणानं बोलली. "सर, खरं सांगू का? मुळात वृत्तीच नाही. चिनी माणूस मरमर मरतो. ह्यांना आयतं पाहिजे. आपल्याकडं नाही का, काही समाजांना कितीही सवलती द्या, आहे तिथंच राहतात."

सभागृहात दोन-चार जण हसले. अध्यक्षही हसले. मोनिकानं मागं वळून पाहिलं. आण्णांनी कानामागचा हात खाली घेतला होता आणि ते समोरच्या खुर्चीच्या पाठीकडं बघत होते.

मोनिका कधी उभी राहिली ते तिचं तिलाच कळलं नाही.

"असं नाहीये ते! पान एकशे बारा काढा. मी असं लिहिलेलंच नाही!"

माईकचा घूंऽ आवाज तेवढा येत होता. सृष्टीचा चेहरा पैठणीपेक्षा लाल झाला. थिटे सरांना घाम फुटला, पण माणूस मुरलेला. टाळी वाजवल्यासारखे हात एकत्र आणून ते हसले. "सर, ह्या आमच्या भिंगारदिवे मॅडम. प्रबंधाचं टायपिंग यांनीच केलं. वर्षभर टाईप करून करून त्यांना तो आपलाच वाटायला लागलाय!"

हशा पिकला. परीक्षक हसले नाहीत. चष्मा काढून त्यांनी मोनिकाकडं नीट बघितलं.

"मॅडम, तुम्ही 'मी असं लिहिलेलंच नाही' म्हणालात. हा प्रबंध कुणी लिहिलाय?"

अगदी सरळ विचारलं. दार सताड उघडून दिलं म्हणा ना. मोनिकाला समोर अध्यक्ष दिसत होते. ते रागावलेले नव्हते, नुसते बघत होते, सावकाश, आपली गाय गोठ्यात येते की नाही हे बघावं तसे. अकरा वर्षं. कायम जागा. मुलाखत पंधरा दिवसांवर. एक शब्द चुकीचा गेला तर सगळं मातीत.

"मी फक्त टाईप केलाय, सर," ती म्हणाली. "चुकून बोलले."

परीक्षकांनी चष्मा परत घातला.

पण ते वाचून आलेले असल्यामुळं त्यांना एक गोष्ट सोडवेना. अहवाल लिहिताना ते म्हणाले, "उमेदवारांचं म्हणणं एक आणि प्रबंधातलं दुसरं, हे चालणार नाही. दोन्हींपैकी एक दुरुस्त करून आणा." आता दोन्हींपैकी दुरुस्त काय होणार? सृष्टीताई की पान एकशे बारा? जेवणाच्या पंगतीतच थिटे सर मोनिकाच्या कानाशी लागले. "एकच परिच्छेद आहे हो. उद्यापर्यंत द्या टाईप करून. आणि आजचं अध्यक्षांनी मनावर घेतलेलं नाही, बरं का. मोठा माणूस."

परत जाताना आण्णांनी केडगावच्या चौकात स्कूटी थांबवायला लावली. मग म्हणाले, "त्या बाईचं बोलनं मला नवं न्हाई. लई आयकलंय. पर तू खाली बसाय नको हुतं."

"जागा जाईल ना, आण्णा!"

"व्हय. ते बी खरंच." आणि त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

दुसऱ्या दिवशी मोनिका कॉलेजच्या कॉम्प्युटरवर बसली. परिच्छेद काळा केला, बटण दाबलं, गेला. चौदा महिन्यांचा 'का' एका बोटानं गेला. त्याजागी तिनं टाईप केलं: 'सर्बियन समाजात उद्यमशील वृत्तीचा अभाव आढळतो.' एकदा वाचून पाहिलं. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. तिला स्वतःची इतकी किळस आली की तिनं दोनदा जाऊन तोंड धुतलं. घरच्या कॉम्प्युटरवर जुनी प्रत होती, पण थिटे सर तीही पुसायला लावून, समोर उभं राहून, खात्री करून गेले. "गैरसमज नकोत," म्हणाले.

मुलाखतीच्या दिवशी बाहेरच्या बाकड्यावर सात उमेदवार होते. सहा जण तिच्यासारखेच तासिकावाले, सगळे ओळखीचे. सातवी सृष्टी.

"अहो, सासरे म्हणाले, भरून तर ठेव अर्ज," सृष्टी हसून म्हणाली. अगदी मनापासून हसली हो, त्यात कपट नव्हतं. तिच्या घरात जागा म्हणजे मागवलेली वस्तू, आली की ठेवून घ्यायची, एवढंच. मोनिकानं आपली फाईल बंद केली. तरी नाव पुकारल्यावर ती आत गेली. अकरा वर्षांची सवय.

आत विषयतज्ज्ञ म्हणून तेच पिकल्या केसांचे परीक्षक. शेजारी थिटे सर एसीच्या रिमोटशी खेळत होते. परीक्षकांनी इकडचं तिकडचं विचारलं आणि मग सावकाश म्हणाले, "त्या दिवशी तुम्ही उभ्या राहिलात. तुमचं मत ऐकायचं राहून गेलं. सर्बियन लोक मागं का राहिले?"

आता लपवायला उरलं होतं काय? मोनिका बोलली. मामाची खानावळ सांगितली, एकेका वर्षाचा परवाना सांगितला, फरशी पुसणारी मास्तरीण सांगितली. पाहुणा म्हणून ठेवलेल्या माणसाला मुळं फुटत नाहीत, आणि मग त्याच्याच वृत्तीवर बोट दाखवलं जातं, हेही सांगितलं. दहा मिनिटं कुणी तिला अडवलं नाही. आयुष्यात इतकं चांगलं ती कधी बोलली नव्हती, आणि बोलताना ते तिला कळत होतं.

"उत्तम," परीक्षक म्हणाले. त्यांचा आवाज खरंच ओला झाला होता. "फार मोलाचं बोललात. हे कुठं लिहिलंय का तुम्ही? एखादा लेख? काहीही, तुमच्या नावावर?"

थिटे सरांनी रिमोट खाली ठेवला.

"नाही, सर."

"मग संशोधनाच्या रकान्यात शून्य लिहावं लागतं हो मला," ते म्हणाले आणि त्यांनी मान खाली घालून शून्य लिहिलं.

ती बाहेर आली. दारातच सृष्टी फाईल छातीशी धरून उभी होती, पुढचं नाव तिचंच. तिनं मोनिकाचा हात घट्ट पकडला.

"मॅडम, तेच सर आहेत ना? सर्बियनचं परत विचारलं तर काय सांगू हो?"

मोनिकानं तिच्याकडं बघितलं. मग आपला हात सोडवून घेतला.

"वृत्ती नाही म्हणा," ती म्हणाली. "आता तेच छापलेलं आहे."