बाजाराच्या दिवसाचा लॉग

प्रफुलला त्या लॉग फाइलचा मनापासून तिटकारा होता. गडचांदूरच्या सिमेंट कारखान्यात सर्व्हर सांभाळलेला माणूस तो. त्याने एटापल्लीकडच्या एका लहानशा आरोग्य संस्थेत सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या तपासणीचा डेटाबेस बघत बसावं, हेच मुळात त्याला कमीपणाचं वाटायचं.

डेटाबेस मूठभर, आणि त्यातल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारा लॉग मात्र अख्खी डिस्क गिळत चाललेला. कारण साधं होतं. फुल रिकव्हरी मोडवर, म्हणजे बिघाड झाला तरी शेवटच्या नोंदीपर्यंत सगळं परत आणता येईल अशा सोयीत, लॉगचा बॅकअप घेतल्याशिवाय आतली जागा मोकळी होत नाही, आणि तो कुणीच घेत नव्हतं. त्यात जंगलातल्या गावांना नेटवर्क नाही. संस्थेच्या सेविका गावातच रक्त तपासून निकाल टॅबमध्ये ठेवायच्या आणि रविवारी बाजाराला आल्या की सगळं एकदम चढवायच्या.

उपाय प्रफुलला चांगला ठाऊक होता. दर अर्ध्या तासाने लॉगचा बॅकअप घ्यायचा आणि तो दुसऱ्या मशीनवर ठेवायचा. पण एवढी उठाठेव कुणासाठी?

"सिंपल मोडवर टाकून देतो," तो लॅब सांभाळणाऱ्या नीलिमाला म्हणाला. "लॉग आपोआप रिकामा होत राह्यते."

"अन् मशीन बिघडली त?"

"रविवारी पहाटेचा बॅकअप आहे ना, ताई. इथी का बँक चालून राह्यली?"

आठवड्याचं सगळं काम रविवारी दुपारी येतं आणि हा दीडशहाणा बॅकअप घेतो पहाटे! का, तर कारखान्यात पहाटेच घ्यायचे.

पुढच्याच रविवारी संध्याकाळी वीज गेली, आली, पुन्हा गेली आणि डिस्क मेली. पहाटेच्या बॅकअपमध्ये त्या आठवड्याचं एकही गाव नव्हतं. टॅब तर नोंदी चढल्या की स्वतःच रिकामे व्हायचे.

त्यातच सोमारी नावाच्या म्हातारीचं गाव होतं. तपासणीवाल्यांना आधी हाकलून लावणारं. सोमारीने घरोघर फिरून सगळ्यांना तयार केलं होतं, कारण तिच्या नातवाचे सांधे ठणकायचे आणि निकालाची नोंद डॉक्टरांपर्यंत पोचल्याशिवाय औषध सुरू होणार नव्हतं.

आता पुन्हा रक्त मागायला प्रफुललाच नीलिमाबरोबर सोमारीच्या अंगणात जावं लागलं.

"रगत देल्ला ना, बाबू. कुठी गेला?" सोमारीने विचारलं.

प्रफुलने लॉग, मोड, डिस्क असं काहीबाही सुरू केलं.

"हरवला म्हण ना."

"हरवला," तो खाली बघत म्हणाला.

"तुह्या पोराचा असता त असाच हरवला असता का?"

सोमारीने त्याच्याकडे पाठ फिरवली आणि नातवाचा हात नीलिमाच्या हातात दिला. "बाई, तू काढ. याले हात लावू देऊ नोको."

नीलिमाने सुई टोचली. पोरगं कळवळलं. रक्त घेऊन झाल्यावर तिने हळूच विचारलं, "अन् बाकीचे, सोमारीबाई?"

सोमारीने गावाकडे पाहिलं. अंगणात कोणीच आलं नव्हतं.

"आता मी कोन्त्या तोंडानं घरोघर जाऊ?"