आपला न्हाय

शालननं चादर पायांपासून वर ओढली, चेहऱ्यावरून नेली आणि दोन्ही कडांना दाबून नीट केली. चौतीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून काढल्यावर हात ही कामं आपली आपण करतात. हवालदार नाकाला रुमाल लावून शवागाराच्या दाराशी उभा होता. त्यानं विचारलं, "काय बाई, तुमचा आहे का?"

चेहऱ्यावरून सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. देह नऊ दिवस समुद्रात होता. तिच्या मुलाच्या, सुमितच्या, कंपनीनं 'डाव्या करंगळीचं टोक नाही' अशी खूण पोलिसांना कळवली होती, पण माशांनी दोन्ही हातांची बोटं कुरतडल्यामुळं डॉक्टरांना त्या खुणेचा उपयोग झाला नव्हता. शालनला मात्र माशांनी तोडलेलं आणि वीस वर्षांपूर्वी बरं झालेलं यातला फरक कळत होता. सुमित तिसरीत असताना घराशेजारच्या यंत्रमागाच्या कारखान्यात त्याची करंगळी चाकात सापडली होती. टाके डॉक्टरांनी घातले, पुढं महिनाभर पट्टी तिनं बदलली. हाडाचं ते गोल, बुजलेलं टोक तिनं आता बोटानं चाचपलं होतं.

"मालकांशी बोलते," ती म्हणाली आणि बाहेर आली.

तिचा नवरा धोंडिराम व्हरांड्यातल्या बाकावर बसला होता. तो आत येत नसे. अपघातानंतर तिसऱ्या दिवशी पहिल्या शवागारात तो दारातच कोसळला, तेव्हापासून आत जायचं काम शालनचं ठरलं होतं. फेब्रुवारीच्या शेवटी जहाजं ओढणारी टगबोट उलटली. नऊ जणांपैकी सहा सापडले, तिघे नाहीत, आणि त्या तिघांत इंजिनवर काम करणारा सुमित. तेव्हापासून धोंडिरामच्या पोटात चहाखेरीज काही गेलं नव्हतं. पण आज सकाळी खाडी ओलांडताना होडीवरच्या एका म्हाताऱ्या तांडेलानं सांगितलं होतं, की कधीकधी लांबचं जहाज पोरांना उचलून नेतं. हातात फोन नसतो, परक्या मुलखात कागदपत्रं नसतात, मग तीन-चार महिन्यांनी पोरगं दारात उभं राहतं. तेवढं ऐकून धोंडिराम बसल्या जागी दोन भाकऱ्या जेवला होता. आता तिला पाहून तो उठला. भाकरीचा चुरा मिशीला तसाच होता.

"आपला न्हाय," शालन म्हणाली.

हे वाक्य आपल्याच तोंडून आलं, हे तिला बोलून झाल्यावर कळलं. धोंडिरामनं डोळे मिटले आणि खांबाला हात टेकला. मागून आलेला हवालदार म्हणाला, की शंका असेल तर रक्त देऊन जा, मयताचा नमुना आमच्याकडं जपलेला असतो, बेवारस म्हणून पुरलं तरी पुढं ताळा लावता येतो. ती म्हणाली, गरज नाही. दुसऱ्या दिवशी ती दोघं पुढच्या होडीत बसली.

पुढं महिनाभर ती दोघं किनाऱ्यानं दक्षिणेकडं सरकत राहिली. रस्त्यावरच्या माणसांना दर्यातलं काय कळणार, असं धोंडिरामचं म्हणणं. म्हणून जिथं खाडीपार नेणारी तर होती तिथं तरीनं, नाहीतर मासळीच्या लाँचवर हातापाया पडून. दाभोळ, जयगड, मग त्याखालची नावंही ध्यानात न राहिलेली बंदरं. हा माणूस सोलापूर महापालिकेत पाण्याची चावी सोडणारा. चार-चार दिवसांआड एकेका पेठेला दोन तास पाणी द्यायचं आणि बायकांच्या शिव्या खायच्या, यात त्याचा जन्म गेला होता. पोराला पोहायला शिकवायला विहिरीतसुद्धा पाणी नव्हतं, असं तो एकदा होडीत म्हणाला. एरवी तो दिसेल त्याला सुमितचा फोटो दाखवायचा. बंदरावरच्या बायका दोघांना चहा द्यायच्या, मासे खाता का विचारायच्या. शालनला मासा खाववत नसे.

प्रत्येक शवागारात ती आत जायची. सापडलेला मुलगा ती पुन्हा शोधत होती आणि दरवेळी बाहेर येऊन खरंच सांगायची, आपला न्हाय. पहिल्या खोट्याची तिला एवढी भीती वाटली नव्हती, जेवढी त्यानंतरच्या प्रत्येक खऱ्याची वाटायला लागली. सांगू सांगू म्हणता आठवडा गेला, मग दुसरा. धोंडिराम जेवत होता, रात्री झोपत होता. मागं, त्या गावात, सुमितला कुणी पुरलं असेल, किती खोल, हे ती एकटीच मनात धरून होडीच्या फळीवर बसायची.

चौदा एप्रिलला घरी असायचं, हे धोंडिरामनंच ठरवलं. सुमित कुठंही असला तरी जयंतीला रजा टाकून येत असे. यंदा येईल असं तो बोलला नाही, पण तेराला पहाटे दोघं एसटीतून उतरली तेव्हा त्यानं बुधवार पेठेतल्या आपल्या गल्लीत शिरताना आधी घराच्या दाराकडं पाहिलं, ते शालननं बघितलं.

सून प्रतिक्षा मंद्रूपची. सत्ताविसावं नुकतं लागलेलं. दीड महिन्यात तिच्या गालांची हाडं वर आली होती. चार वर्षांची बुद्धप्रिया आजोबांच्या गळ्यात पडली आणि तिनं विचारलं, पप्पा मोठ्या जहाजात काय खातात. धोंडिराम तिला मांडीवर घेऊन सांगत बसला. जहाजात भात असतो, डाळ असते, आणि आचारी आपल्यातलाच असल्यामुळं शेंगाचटणीही असते. फोनवर तांडेलाची गोष्ट त्यानं घरी कळवली होती. इथं येईपर्यंत तिला हातपाय फुटले होते. बघायला येणाऱ्या शेजाऱ्यांना तो आता जहाजाचा देशही सांगत होता.

जयंतीच्या दिवशी ऊन बेचाळीसवर होतं. गल्लीत निळे झेंडे, पांढरे कपडे, चौकात वंदनेची तयारी. स्वयंपाकघरात प्रतिक्षा सुमितचा पांढरा शर्ट इस्त्री करत होती. शालन दारात थबकली.

"कुणासाठी गं?"

"दरसाल करते म्हणून." प्रतिक्षानं इस्त्री उभी केली. "आई, त्यांचा नंबर मी अजून चालू ठिवलाय. परवा रिचार्ज मारला. गल्लीतल्या बाया म्हणत्यात रडू नको, अवलक्षण हाय, माणूस येणार हाय. बाबा पण तेच सांगत्यात." ती थोडा वेळ शर्टाची कॉलर सरळ करत राहिली. "मला रडायचं हाय, आई. पर कशावर रडू?"

शालननं इस्त्रीचं बटण बंद केलं. बुद्धप्रियाला शेजारच्या महेश्वरीसोबत चौकात पाठवलं आणि प्रतिक्षाचा हात धरून तिला बाहेरच्या खोलीत आणलं. धोंडिराम जमिनीवर नकाशा पसरून बसला होता. सोळा तारखेची गाडी त्यानं बघून ठेवली होती. आता कारवारपासून खाली जायचं होतं.

ती त्याच्यासमोर खाली बसली.

"सुमित मला घावला हुता," ती म्हणाली. "नवव्या दिवशी. तुमी भाकर खाल्लेली त्या दिवशी. करंगळीवरनं वळाकला मी. तुमाला खोटं बोलले."

प्रतिक्षा भिंतीला धरून हळूहळू खाली बसत गेली आणि तोंडात पदर कोंबून रडायला लागली. शालननं तिच्या पाठीवर हात ठेवला, तिनं तो झटकला नाही. धोंडिराम नकाशाकडंच बघत होता. चौकात भोंगा सुरू झाला, लोक एका आवाजात वंदना म्हणायला लागले, ती संपली, तरी तो हलला नाही.

मग त्यानं विचारलं, "अंगावर चादर हुती का त्याच्या?"

"व्हय. मीच घातली."

त्यानं नकाशाची घडी घातली आणि चप्पल न घालता बाहेर निघून गेला. दिवस मावळताना परत आला तेव्हा तळपाय भाजलेले होते. शालननं पाण्याचं घमेलं पुढं केलं, त्यानं पाय त्यात ठेवले.

त्यानंतर तो तिच्याशी बोललाच नाही. चार दिवसांनी नळ आला की पाणी भरायचा, नातीला बालवाडीत सोडायचा, ताट पुढं आलं की जेवायचा, निम्मं ठेवायचा. सोळा तारखेची गाडी चुकली ती चुकलीच. शालननं त्या किनाऱ्यावरच्या पोलिसांना फोन केला, जिथं चौतीस वर्षं नोकरी केली त्याच दवाखान्यात जाऊन रक्त दिलं. धोंडिरामचंही रक्त लागणार होतं. तो गेला, दुसऱ्या दिवशी, एकटा. सदतीस दिवसांनी अहवाल आला. त्यात तिला आधीच माहीत असलेलं होतं.

पावसाळ्यात तरीची ये-जा बंद होण्याआधी ती तिघं सुमितला पुरलेल्या गावी गेली. बुद्धप्रियाला मंद्रूपला आजोळी ठेवलं होतं. खाडी ओलांडताना प्रतिक्षा दोघांच्या मधे बसली. पलीकडं उतरून नगरपंचायतीच्या शिपायाबरोबर चालत गेलं की सुरूच्या झाडांमागं बेवारसांची जागा होती. रेतीत एक लाकडी पट्टी रोवलेली, तिच्यावर रंगानं आकडा. प्रतिक्षानं पांढरा शर्ट घडी करून रेतीवर ठेवला, वर वाऱ्यानं उडू नये म्हणून दगड. तिघांनी त्रिशरण-पंचशील म्हटलं. धोंडिरामचा आवाज मधेच गेला, तेवढं शालननं पुढं म्हटलं, मग तो पुन्हा सामील झाला.

कोपऱ्यातल्या पत्र्याच्या खोलीत शिपायानं नोंदवही उघडली. 'अनोळखी पुरुष, वय अंदाजे चाळीस', असं लिहिलेलं होतं. शिपाई म्हणाला, चष्मा घरी राहिला, तुम्हीच नाव लिहा. धोंडिरामनं पेन घेतला. चावीवाल्याचं अक्षर, मोठं आणि दाबून लिहिलेलं. सुमित धोंडिराम तळभंडारे. मग त्यानं 'अंदाजे चाळीस' खोडलं आणि शेजारी लिहिलं, एकोणतीस.

शेवटचा रकाना ओळख पटवणाऱ्याचा होता. पेन तिथं बराच वेळ थांबला. शालन मागं, दारापाशी उभी होती. तिला त्याची पाठच दिसत होती.

त्यानं लिहिलं, शालन धोंडिराम तळभंडारे. नात्यापुढं लिहिलं, आई. वही तिच्याकडं फिरवली आणि म्हणाला, "सही कर."