गाडी लावायचे पैसे

बागेत गाडी लावायला यापुढे पैसे पडतील, अशी पाटी लागली तेव्हा अख्ख्या गल्लीत एकाच बाईला हायसं वाटलं. तिने ते कुणाला कळू दिलं नाही. मुळात तिचं तिलाच ते उशिरा कळलं, कारण काही वाटण्याची सवयच मोडून गेली होती.

तिला सगळे चष्मेवाली म्हणत. सकाळी ती चष्म्याच्या दुकानात कामाला जायची. सैल झालेल्या काड्यांचे स्क्रू पिळायचे, नाकावर रुतणारी फ्रेम गरम करून जराशी फाकवायची, गिऱ्हाइकाच्या कानामागे बोट घालून काडी नेमकी कुठे टोचते ते बघायचं, हे तिचं काम. दुपारी घरी येऊन नवऱ्याला सांभाळणाऱ्या बाईंना मोकळं करायचं आणि त्याला जेवू घालायचं.

नवरा आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त करत आला होता. तेलकट हातांनी घरी यायचा आणि कुठल्या इमारतीत कोण मधल्या मजल्यावर अडकून बसलं होतं, याच्या गोष्टी रंगवून सांगायचा. वर्ष-दीड वर्षापूर्वी एका सकाळी दाढी करता करता त्याच्या हातातला ब्रश गळून पडला. शरीराची उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. सगळे शब्द गेले, एक तेवढा मागे राहिला, ‘बघू’. भूक लागली तरी बघू, पाठ अवघडली तरी बघू, डॉक्टरांनी नाव विचारलं तरी बघू. पहिल्यांदा सगळे हसले, तोही हसला. पुढे कुणी हसेनासं झालं.

सुरुवातीला ती रडली. पोटभर रडली, कपडे वाळत घालताना, दुकानाच्या मागच्या खोलीत, डोक्यावरून पाणी घेताना. मग एक दिवस ते थांबलं. पुन्हा येईल म्हणून तिने वाट पाहिली, पण ते आलं नाही. त्याची नखं कापताना, हनुवटीवरची लाळ पुसताना, त्याला कुशीवर वळवताना तिला आता वाईट वाटत नव्हतं आणि मायाही वाटत नव्हती. हात आपलं काम करायचे. बघणारे म्हणायचे, काय धीराची बाई आहे. ती मान डोलवायची.

व्यायाम करवून घ्यायला येणाऱ्या फिजिओथेरपिस्ट मॅडमनी बजावलं होतं, यांना रोज बाहेर काढा, मोकळ्या हवेत न्या. म्हणून ती त्याला गाडीत घालून बागेत न्यायला लागली. आधी व्हीलचेअर नेली. पण आतल्या वाटांवर खडी, चाकं रुतून बसायची. त्यातच त्याच्या कामावरचा एक जुना सोबती भेटला आणि लहान मुलाशी बोलावं तसं मोठ्या आवाजात, एकेक शब्द तोडून त्याच्याशी बोलला. नवऱ्याने मान फिरवली. त्या दिवसापासून तो गाडीतून खाली उतरायलाच तयार होईना.

मग ती दोघं गाडीतच बसू लागली. गाड्या लावायच्या जागेच्या टोकाला, तळ्याकडे तोंड करून ती गाडी उभी करायची. काचा खाली करायची, थर्मासमधला चहा ओतायची, त्याचा पेला त्याच्या डाव्या हातात नीट बसेपर्यंत धरून ठेवायची. समोर बदकं. डावीकडून उजवीकडे जायची, मग उजवीकडून डावीकडे. तास झाला की घरी. असं रोज. कंटाळा आलाय असं ती स्वतःशीसुद्धा म्हणाली नव्हती. आजारी नवऱ्याचा कंटाळा येतो हे म्हणायचं तरी कसं?

आणि मग ती पाटी लागली.

पैसे फार नव्हते. एवढे तर ती येता-जाता कशावरही खर्च करत होती. पण पैसे पडणार म्हटल्यावर न जाण्याला कारण मिळालं, आणि ते कारण कुणी खोडून काढण्यासारखं नव्हतं. पाटी लागली त्याच आठवड्यात तिने बागेत जाणं बंद केलं. नणंद भेटायला आली, दादाला आज नेलं नाही का, असं तिने विचारलं, तेव्हा चष्मेवाली कणीक मळता मळता एवढंच म्हणाली, “आता रोजच्या रोज पैसे कुठून आणायचे?”

ते एक वाक्य भलतंच महागात पडलं.

नणंद नवऱ्याची धाकटी बहीण. बसमध्ये तिकीट तपासनीस म्हणून तिने हयात काढली होती आणि फुकट प्रवास करणाऱ्यांना तिने कधी दयामाया दाखवली नव्हती. नुसती तिची टोपी दिसली तरी लोक खिसे चाचपायला लागत. तीच आता बागेतल्या फुकट जागेसाठी कंबर कसून उभी राहिली. ती दारोदार हिंडली, सह्या जमवल्या, शाळेच्या गेटवर उभी राहून आयांना गाठलं. घरात जागा नाही, अंगण नाही, पोरांनी मोकळं धावायचं कुठे? झाडाखाली बसायचेही पैसे लावले तर उद्या सावलीचे वेगळे लावतील. हे सगळं बोलून झालं की ती शेवटी भावाचं उदाहरण द्यायची. माझा भाऊ या पैशांपायी घरात कोंडला गेलाय, आभाळ बघायला महाग झालाय. हे ऐकलं की सही न करणाराही पेन मागायचा.

चष्मेवालीच्या कानावर हे यायचं. एकदा थांबवावं असं तिच्या मनात आलं, पण तेवढंही तिच्या जिवावर आलं. रोज बागेचा तास यायचा तेव्हा ती स्वयंपाकघरात स्टुलावर बसायची आणि समोरच्या भिंतीकडे बघायची. नवरा बाहेर टीव्हीसमोर असायचा. तळं काय आणि भिंत काय, तिला फार फरक जाणवला नाही.

फरक फिजिओथेरपिस्ट मॅडमना जाणवला. खांदा आखडलाय, जेवण कमी झालंय, आणि व्यायामाच्या वेळी हे डोळे मिटून घेतात, असं त्या म्हणाल्या. बाहेर नेणं का थांबवलं, असं त्यांनी विचारलं. त्यांच्यापुढे पैशांचं नाव काढायची सोय नव्हती, त्यांनी लगेच पाकीट उघडून पैसे काढून दिले असते. चष्मेवाली म्हणाली, उद्यापासून नेते.

दुसऱ्या दिवशी ती त्याला घेऊन निघाली. नणंदेच्या घरावरून जायला नको म्हणून लांबच्या रस्त्याने गेली. बागेच्या फाटकाशी नवी टपरी उभी होती, आत टेबलफॅन लावून एक बाई बसली होती, आणि रस्त्यावर लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा आडवा दांडा होता. पैसे भरले की दांडा वर जाणार, गाडी आत जाणार. पुढच्या गाडीने पैसे भरले. दांडा अर्धा वर गेला आणि तिथेच कुरकुरत अडकला. टपरीतली बाई बाहेर आली, दोन्ही हातांनी त्याला वर रेटू लागली. गाडी पुढे सरकली तसा तो पुन्हा हळूहळू खाली यायला लागला. बाईने त्याला खांदा लावला. मागून हॉर्न वाजायला लागले.

शेजारून घोगरा आवाज आला. पुन्हा झटका आला असं चष्मेवालीला वाटलं. तिने वळून पाहिलं. नवरा हसत होता. चेहऱ्याची डावी बाजू हसत होती, डोळ्याला पाणी आलं होतं, आणि डावा हात दांड्याबरोबर वर जात होता, दांड्याबरोबर खाली येत होता.

आत गेल्यावर ती सवयीने तळ्याकडे वळली. त्याने तिची बाही धरली. ती थांबली. त्याने मागे बोट केलं. तिने गाडी मागे घेतली, वळवली, फाटकाकडे तोंड करून लावली. तेव्हा त्याने बाही सोडली.

त्या तासभरात तो एकेक गाडी निरखत होता. दांडा सरळ वर गेला की तो मागे टेकायचा. अडखळला की पुढे झुकायचा आणि म्हणायचा, “बघू.” एरवीसारखं नाही. पूर्वी एखाद्या इमारतीचा रखवालदार लिफ्ट अडकल्याचं कळवळून सांगायला लागला की तो ज्या सुरात ‘बघू’ म्हणायचा, त्या सुरात.

तिच्या लक्षात आलं की बदकांचा त्यालाही कंटाळा आला होता. किती दिवस, कोण जाणे. त्याला कुणी विचारलं नव्हतं. तिनेही नाही. यावर खरं तर रडू यायला हवं होतं. तिने थोडी वाट पाहिली. मग चहा ओतला.

पालिकेने हरकती ऐकायला सभा ठेवली होती, आणि नणंदेने वहिनीचं नाव बोलणाऱ्यांत परस्पर देऊन टाकलं होतं. सभेला शंभरेक माणसं होती आणि खुर्च्या कमी. एक तरुण बाप उठला. आमच्या बाजूला बस येत नाही, तीन पोरांना आणि बाबागाडीला घेऊन चालत यायचं का, असं त्याने विचारलं. सायकलवरून आलेले एक म्हातारे गृहस्थ शांतपणे म्हणाले की आपण कधी गाडी घेतली नाही, तरी कर सगळ्यांइतकाच भरतो, मग दुसऱ्याच्या गाडीसाठी डांबर टाकायचं ते आपल्या पैशांतून का? जिथे गाड्या उभ्या राहतात तिथे पूर्वी गवत होतं, हेही त्यांनी सांगितलं. उद्यान अधिकारी बाई तळ्यातला गाळ, संडास आणि माळ्यांचे पगार यांच्या खर्चाबद्दल बोलल्या. चष्मेवालीला ज्याचं त्याचं बरोबर वाटत होतं. मग तिचं नाव पुकारलं. नणंदेने तिच्या पाठीवर हात ठेवला.

ती उभी राहिली. “आम्ही पैशांमुळे यायचं बंद केलं नव्हतं,” ती म्हणाली. “मला कंटाळा आला होता. पैसे निमित्त झाले.”

अधिकारी बाईंनी चष्मा वर सरकवला. “मग तुमचं म्हणणं काय? पैसे घ्यावेत की नाही?”

“गाडी आहे त्याने द्यावेत, हे मला पटतं. ज्याला गाडीतून उतरताच येत नाही त्याच्याकडून घेऊ नयेत, हेही पटतं. पोरं घेऊन येणाऱ्यांचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. फक्त माझ्या नवऱ्याचं नाव यातून काढा. त्यांना कुणी काही विचारलेलं नाही. मीसुद्धा नाही.”

ती खाली बसली. सभा संपल्यावर बाहेरच्या पायऱ्यांवर नणंद म्हणाली, “वहिनी, मला आधी सांगायचं होतंत.”

“सांगितलं असतं तर काय म्हणाला असतात?”

नणंदेने खोटं बोलायचा विचार केला असावा, पण तो तिचा स्वभाव नव्हता. “म्हणाले असते, कंटाळा कसला? नवरा आहे तुमचा.” एवढं बोलून ती बसने निघून गेली. नंतर बरेच दिवस तिने या घरात पाऊल टाकलं नाही.

निकाल मधलाच लागला. पैसे कायम राहिले, पण सुट्टीच्या दिवशी सकाळी मुलांना घेऊन येणाऱ्यांना माफी मिळाली आणि अपंगांच्या गाड्यांना कायमची. यावर कुणीच खूश नव्हतं. गल्लीत चष्मेवालीला धीराची बाई म्हणणं मात्र बंद झालं. काहींनी बोलणंच कमी केलं. दुकानात एक बाई आल्या, चष्म्याचा स्क्रू सैल झालाय म्हणाल्या. स्क्रू घट्ट होता. चष्मेवालीने तो उगीच काढून परत बसवला. बाई काचेच्या टेबलाकडे बघत हळूच म्हणाल्या, “माझी सासू अंथरुणावर आहे. सहा वर्षं.” आणि चष्मा घालून निघून गेल्या.

बागेत जाणं पुन्हा सुरू झालं होतं. तास फाटकाकडे तोंड करून जायचा. तिला अजूनही कंटाळा यायचा, आता त्याला यायचा नाही एवढंच.

एका दुपारी नणंद चालत गाडीशी आली. तिने भावाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि चष्मेवालीच्या बाजूचं दार उघडलं.

“उतरा. मी बसते दादापाशी.”

“का?”

“का म्हणजे? तुम्ही जा कुठेतरी.”

“कुठे जाऊ?”

“मला काय माहीत. एवढी बाग आहे ना.”

चष्मेवाली उतरली. इतके महिने ती इथे येत होती, पण आतल्या वाटा तिला नीट माहीत नव्हत्या. दुकानात घालायचे बूट पायात होते. ती खडीवरून चालत गेली, तळ्याला वळसा घातला, मुलांच्या वाळूच्या खड्ड्यापाशी एक बाक रिकामा दिसला त्यावर बसली. शेजारी येऊन बसलेल्या एका आईने विचारलं, तुमचं कुठलं? ती म्हणाली, यातलं कुठलंच नाही. आईने मान हलवली आणि पिशवीतून पाण्याची बाटली काढली. मुलं ओरडत होती. त्या ओरडण्यात तिला बसल्या बसल्या झोप लागली.

जाग आली तेव्हा शेजारची आई गेली होती आणि सावली बाकावरून सरकून गेली होती. ती घाईने उठली. उजव्या टाचेवर कातडं सोललं होतं, पाऊल टाकलं की झोंबत होतं. ती लंगडत परत आली.

गाडीत भाऊ-बहिणीचं कशावरून तरी वाजलं होतं. नणंद तावातावाने बोलत होती, नवरा तेवढ्याच जोरात डावा हात झटकत होता. दोघांचंही तिच्याकडे लक्ष गेलं नाही. तिने मागचं दार उघडलं आणि मागच्या सीटवर बसली. बूट काढून टाच बघितली. तिथे बोट लावलं तसा चुरचुरत डंख उठला आणि तोंडातून आपसूक ‘स्स’ निघालं.

“काय झालं, वहिनी?” नणंदेने वळून विचारलं.

“बूट लागला,” ती म्हणाली, आणि पुन्हा बोट लावून पाहिलं.