सुकलालचा घोडा

फाल्गुन आला आणि मेळघाटाचे डोंगर पेटले. पर्णहीन फांद्यांवर पळसाचा रक्तिमा, मोहाखाली मदगंधी फुलांचा सडा, आणि रानभर ढोलाचा घनगंभीर नाद. कोरकूंची होळी पाच दिवसांची. पाचव्या दिवशी मोजीलाल कासदेकर आपल्या मेलेल्या पोराला गावात आणणार होता.

पोराचं नाव सुकलाल. तापाने गेला, त्याला दोन वर्षं झाली. या गावात माणूस नुसता मरून पितरांत जात नाही. त्याच्यासाठी सागाची फळी कोरावी लागते. वर सूर्य, वर चंद्र, खाली घोडा, घोड्यावर स्वार. स्वाराचे डोळे उघडताना मेलेल्याचं नाव लाकडाला तीनदा सांगायचं, आणि फळी मोहाखालच्या रांगेत रोवायची. तोवर मेलेला वेशीबाहेर उभा. एका मेलेल्याला एकच लाकूड. दिलेलं नाव पुन्हा देता येत नाही.

चार पिढ्यांचे स्वार मोजीलालच्या हातून रांगेत उभे राहिले होते. मुलाची फळी त्याने दोन वर्षं सावलीत वाळवली. सूर्य कोरला, चंद्र कोरला, घोडा कोरला. स्वार तेवढा राहिला होता, कारण तिथवर आला की बापाचा हात थांबायचा.

तिसऱ्या दिवशी पाहुणे आले. शुभ्रवस्त्र, कृष्णचष्मे, कौतुकाने ओथंबलेले पाहुणे. ते नाचणाऱ्यांच्या रांगेत घुसून नाचले, बायांच्या गळ्यातली चांदी बोटांनी चाचपून आले, चुलीवरची भाकरी फोटोपुरती उलटून गेले. कौतुकाइतकी निर्लज्ज गोष्ट मी दुसरी पाहिलेली नाही.

त्यांच्यातल्या एका बाईंना ओसरीवरची फळी दिसली. "किती गोड आहे हे. ईशानीच्या वाढदिवसाला हेच न्यायचं. घोड्यावर राजकन्या काढायला सांगा, आणि खाली तिचं नाव."

ईशानी त्यांची मुलगी, चार वर्षांची. ती अंगणात कोंबडीमागे धावत होती.

मोजीलाल हात जोडून उभा राहिला आणि कोरकूत सांगू लागला, की हे मेलेल्याचं लाकूड आहे, जित्या लेकराला यावर बसवू नये. पाहुण्यांना घेऊन आलेल्या पाहुणेघराच्या मॅनेजरला कोरकू चांगली कळत होती.

"म्हणतोय, पूर्वजांचा आशीर्वाद असतो यात," तो बाईंना म्हणाला. मग मोजीलालच्या कानाशी वाकला. "सुकलालची बायको आमच्याच स्वयंपाकघरात कामाला आहे ना?"

एवढंच विचारलं. त्या स्वयंपाकघरावर सुकलालची दोन लेकरं जगत होती. मोजीलाल खाली बसला आणि त्याने छिन्नी उचलली.

दुपार पिवळी झाली, दुपार तांबूस झाली. सागाच्या कपच्या उडत राहिल्या, पाहुणे फोटो काढत राहिले. बाईंनी कागदावर लिहून दिलेली नावाची अक्षरं त्याने जशीच्या तशी उतरवली. अक्षरांची त्याला भीती नव्हती. भीती डोळ्यांची होती. डोळे उघडताना कोणी नाव सांगितलं नाही, तर लाकूड कानावर तीनदा पडेल ते नाव घेतं, आणि त्या नावाच्या माणसाला घेऊन घोडा निघतो.

त्याने छिन्नी डोळ्यावर टेकवली.

"ईशानी," बाईंनी हाक मारली. कोंबडी उडाली, मुलगी हसली.

"ईशानी, इकडे ये बघू."

छिन्नीखाली डोळा उघडत होता. बाई तिसरी हाक मारायला वळल्या, आणि मोजीलाल फळीवर ओणवा झाला. लाकडाला ओठ लावून तो म्हणाला, सुकलाल. सुकलाल. सुकलाल.

मग त्याने स्वाराच्या हातात बासरी दिली. होळीला सगळं गाव जिच्यावर नाचायचं, ती सुकलालची बासरी.

"राजकन्येला बासरी कशाला?" बाईंनी विचारलं.

"इथली पद्धत आहे," मॅनेजर म्हणाला. सुकलालला टॉवेलात गुंडाळून गाडीच्या डिकीत ठेवलं. वरून बॅगा ठेवल्या.

सुकलालची आई, फुलकाय, मोह वेचून परतली तेव्हा वाटेवरची धूळ अजून खाली बसायची होती. तिने रिकामी ओसरी पाहिली. कपच्या पाहिल्या.

"नाव कोणाचं दिलंस?"

"आपल्याच पोराचं. पोरगी इथंच खेळत होती, फुलकाय. तिची आई हाका मारत होती."

फुलकायने टोपली खाली ठेवली. बराच वेळ ती कोंबडीकडे बघत राहिली.

"मारू द्यायची होतीस तिसरी," ती म्हणाली.

पाचव्या दिवशी ढोल वाजले, पळस पेटला, पितरांची रांग गुलालाने माखली. रांगेच्या टोकाला खणलेला खड्डा फुलकायने हातांनीच बुजवला. मोजीलाल मदतीला वाकला, तेव्हा तिने त्याचे हात बाजूला सारले.

आणि दूर, डोंगरांपलीकडे, दर्यालगतच्या एका शहरात, एका हसऱ्या मुलीच्या उशाशी, उघड्या डोळ्यांचा, मुक्या बासरीचा सुकलाल. घोडा त्याचा भिंतीला खिळलेला, आणि वेस कुठल्या दिशेला, हे सांगणारं तिथे कोणी नाही.