आवाज न झालेले ठोसे

ठोसा मुठीने मारतात असं मानणारा माणूस आणि पत्र पोस्टमन लिहितो असं मानणारा माणूस, या दोघांना एकाच बाकावर बसवायला हवं, असं टाचकाकांचं मत होतं. ठोसा निघतो टाचेतून. टाच वळली की गुडघा, गुडघ्यामागे कंबर, कंबरेमागे खांदा. मूठ बिचारी शेवटी जाऊन फक्त निरोप पोचवते. चाळीस वर्षं पोरांना ते हेच शिकवत आले. त्यांचं खरं नाव आता त्यांच्या बायकोलाच आठवत असेल.

त्यांचा बॉक्सिंगचा क्लब एका दवाखान्याच्या डोक्यावर होता. खालच्या डॉक्टरीणबाई पहिल्याच आठवड्यात वर आल्या. म्हणाल्या, "पेशंटच्या छातीला नळी लावली की मला तुमचेच ठोके ऐकू येतात. काल एका धडधाकट माणसाला घाबरवून घरी पाठवलं मी." तेव्हापासून क्लबात पाय आपटणं बंद, हुंकार बंद आणि बॅगेला जाड रजई. आरडाओरडा करायला बंदी आल्यामुळे सगळा जोर ठोशातच घालण्यावाचून पोरांना गत्यंतर उरलं नाही.

त्यांतली सगळ्यांत सरस म्हणजे धाकटी. तीन बहिणींतली शेवटची, म्हणून क्लबातही धाकटीच. तिचा डावा हूक जेमतेम वीतभर अंतरावरून निघायचा. "पण त्याच्यामागे अख्खी पोरगी येते," काका म्हणायचे, "चपलांसकट."

परदेशी जाणाऱ्या संघात तिच्या वजनाची एकच जागा होती आणि पुढच्या वर्षी तिचं वय उलटणार होतं. निवडीच्या शेवटच्या लढतीत समोर होती भोंगा. ही पोरगी प्रत्येक ठोशाला "हाऽऽ!" अशी आरोळी ठोकायची, त्यावरून हे नाव. ग्लोव्ह उघडा ठेवून मारायची, त्यामुळे फटाफट आवाज व्हायचा. लागायचं काही नाही, पण शेवटच्या रांगेतल्या माणसालाही वाटायचं की आपल्याच कानाखाली बसली.

तीन फेऱ्या झाल्या. धाकटी तोंड मिटून बरगड्यांवर काम करत होती. भोंगा ओरडत होती, आणि दर आरोळीला तिन्ही परीक्षकांची बोटं बटणावर पडत होती. निकाल एकमताने भोंगाच्या बाजूने लागला. रेफरीने तिचा हात वर उचलला तेव्हा ती "आई गं!" म्हणून किंचाळली. दिवसभरात तिने काढलेला हा पहिला खरा आवाज.

टाचकाका तडक निवड समितीच्या खोलीत गेले. मागोमाग धाकटी, घामाचा टॉवेल तसाच गळ्यात. अध्यक्ष मूळचे पोहण्याच्या संघटनेतले. तिथली मुदत संपली, तेव्हा इथली खुर्ची रिकामी होती.

"अहो, तुमच्या मुलीच्या ठोशांचा आवाजच आला नाही," अध्यक्ष म्हणाले.

"ठोसा आहे तो, ढोल नाही! आवाजावर गुण द्यायचे तर दगडावर कपडे आपटणाऱ्या बाईला पाठवा परदेशी."

"काका, आवाज खाली."

"का? आता ऐकू येतोय ना? मग द्या गुण!"

"हे बघा, तीन परीक्षक चुकतील का?"

"एकटा माणूस चुकायला लाजतो, साहेब. तिघं असले की धीर येतो."

अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं. निकालाच्या कागदावर विजेतीने पाच वाजेपर्यंत सही करायची, न केल्यास तिने माघार घेतली असं धरून जागा दुसरीला द्यायची, असा नियम होता. पाचला दहा मिनिटं कमी होती. त्यांनी भोंगाला बोलावणं पाठवलं.

भोंगा आली ती भिंत धरत. डावा हात बरगड्यांवर, उजवा भिंतीवर.

"ये, बाळा. अभिनंदन. इथे सही कर."

भोंगाने कागद वाचला. मग धाकटीकडे पाहिलं. "तू मारतेस तेव्हा काहीच कळत नाही गं. जिना चढताना कळतं."

"सॉरी," धाकटी म्हणाली.

"सॉरी काय? साहेब, मी हरलेय. मला विचारा की. मार मी खाल्लाय."

"विजेत्याला तक्रार करता येत नाही," अध्यक्ष म्हणाले. "तशी तरतूदच नाही. सही कर."

"हात उचलवत नाही, साहेब."

"मग दुसऱ्या हाताने कर."

"तो काढला तर मी पडेन."

अध्यक्षांनी पेन पुढे धरलं, मागे घेतलं, पुन्हा पुढे धरलं. त्यांनी समजावलं, परदेशाचं आमिष दाखवलं, तिच्या आईवडिलांचीही आठवण काढली. भोंगा भिंतीला टेकून घड्याळ बघत राहिली. पाच वाजले. अध्यक्षांनी सुस्कारा सोडून तिच्या नावावर रेघ मारली, खाली धाकटीचं नाव लिहिलं, पुढचे रकाने भरले आणि कागद तिच्यापुढे सरकवला. "घे. मिळाली ना जागा? झालं समाधान?"

धाकटीने पेन उचललं आणि कागदावर वाकली. तिच्या नावापुढे 'लागलेले ठोसे' या रकान्यात चार लिहिलं होतं. कारणाच्या रकान्यात, 'प्रतिस्पर्ध्याची माघार'.

"चार?" धाकटी म्हणाली. तिन्ही फेऱ्यांत उघडलं नव्हतं ते तोंड आता उघडलं. "चार? मी काय तिथे पंख्याचा वारा घेत होते? तिला भिंत धरून यावं लागलं ते चार ठोशांनी? ही जागा माझी होती. ती मला माघारीत का देताय?"

"जागा मिळाल्याशी कारण."

"नाही. हा आकडा बदला."

"आकडा परीक्षकांचा असतो. तो बदलता येत नाही."

टाचकाका इतका वेळ दात-ओठ खात होते. पण त्यांनीच तिच्या पाठीवर हात ठेवला. "सही कर, पोरी. तू जा. आकड्यासाठी मी इथे भांडत बसतो. मला कुठे जायचंय?"

तिने सही केली. मान वर केली तेव्हा डोळ्यांत पाणी होतं, आणि ते आनंदाचं नव्हतं.

"सतरा," भिंतीजवळून भोंगा म्हणाली.

"काय सतरा?" अध्यक्षांनी विचारलं.

"ठोसे. मोजलेत मी. पहिल्या फेरीत पाच, दुसरीत पाच, तिसरीत सात. लिहा, साहेब."

अध्यक्षांनी पेनाला टोपण लावलं.