गिरणीच्या डोहाची पहिली पाळी

माझा नवरा लायल आणि माझा भाऊ वेंडेल यांच्यात नऊ वर्षं विस्तव जात नव्हता. कारण काय, तर मासा. जमीन नाही, बाई नाही, मासा. बाहेरच्या माणसाला सांगायची मला लाज वाटायची. गावात कुणाला सांगावंच लागत नव्हतं. ओरेगनच्या या खोऱ्यात त्याहून मोठं कारण नसतं.

आमच्या नदीत स्टीलहेड येतो. ट्राउट माशाचाच भाऊबंद, पण समुद्रावर जाऊन मोठा होतो आणि उन्हाळ्यात घरी परततो. त्याला धरायची एक रीत आहे. डोहाच्या वरच्या टोकाला पाण्यात उतरायचं, गळ टाकायचा, एक पाऊल खाली सरकायचं, पुन्हा टाकायचा. आधी येईल त्याची पहिली पाळी. दुसऱ्याने त्याच्या मागून, वरूनच उतरायचं. पुढच्याच्या खालच्या अंगाला उतरणं म्हणजे जेवत्या माणसापुढचं ताट ओढणं.

लायल वेंडेलच्या खाली उतरला होता. वेंडेलचं म्हणणं, मी खडकावर बसून गळाला पिसांची नवी नकली माशी बांधत होतो, पाळी माझीच होती. लायलचं म्हणणं, तो काठावर सिगारेट ओढत बसला होता, बाहेर आला की पाळी संपली. दोघंही खरं बोलत असावेत. माझा भाऊ दोन्ही कामं एकदम करतो. तरीही हे मिटलं असतं, पण लायलला नेमका तिथेच त्या वर्षीचा सगळ्यात मोठा मासा लागला. मग वेंडेल गळांच्या दुकानात चार लोकांदेखत त्याला चोर म्हणाला. लायल म्हणाला, "तुला दिसत नाही ते मला लागतं, यात माझा काय गुन्हा?" लोक हसले, आणि ते हसणं वेंडेलच्या जिव्हारी लागलं.

यंदा वसंतात लायलला अर्धांगाचा हलका झटका आला. डावा पाय ओढत चालायला लागला. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, दुसरा येऊ शकतो, आणि तो इतका हलका नसेल. तेव्हापासून मी एकच ध्यास घेतला. दुसरा झटका यायच्या आत या दोन बैलांनी एकमेकांशी बोलायला हवं होतं.

"वेंडेलला एक फोन कर ना," मी लायलला म्हणायची.

"त्याचं बोट मोडलंय का?"

वेंडेलला म्हणायची, तर तो म्हणायचा, "आर्डी, तो माझ्या खाली उतरला. मी त्याच्या नाही."

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे तर सुंभ अजून जळालासुद्धा नव्हता.

उन्हाळा वाईट आला. डोंगरावर बर्फच कमी पडलं होतं, त्यामुळे जुलैतच नदीची हाडं दिसायला लागली. दगडांवर हिरवं शेवाळ, हवेत वणव्यांचा धूर. आधी दुपारी दोननंतर गळ टाकायला बंदी आली. मग ऑगस्टात एका पहाटे रेडिओवर सांगितलं, उद्यापासून नदी पूर्ण बंद, पावसाळी थंडी पडेपर्यंत.

"उद्या नाही, आजच," लायल म्हणाला. "आज सकाळ आपली आहे."

त्याला एकट्याला पाण्यात उभं राहायला मनाई होती, म्हणून गाडी मी चालवली. उजाडताना गिरणीच्या डोहावर पोचलो, तर वेंडेलचा पिकअप आधीच उभा.

"चल परत," लायल म्हणाला.

"मागून उतर ना. नदी काय त्याच्या बापाची आहे?"

"त्याचा बाप म्हणजे तुझाच बाप," तो म्हणाला, पण उतरला.

मी त्याचा दंड धरून पायवाटेने खाली नेलं. वेंडेल डोहाच्या टोकाला गुडघाभर पाण्यात उभा होता, अजून पहिला गळसुद्धा टाकला नव्हता. त्याने वर पाहिलं. लायलच्या हातातली चालायची काठी पाहिली, ओढणारा पाय पाहिला. मग त्याने दोर गुंडाळला, पाण्यातून बाहेर आला, लाकडाच्या ओंडक्यावर बसला आणि हात लांब करून डोह दाखवला. तू उतर, असं.

शब्द नाही की काही नाही. पण बंदीच्या आदल्या सकाळी, कुणी न ढवळलेला डोह दुसऱ्याला देणं, याहून जास्त आमच्याकडे कुणी कुणाला देत नाही. माझा भाऊ सख्ख्या मुलालाही देणार नाही. माझे डोळे भरून आले. मनात म्हटलं, सुटले एकदाचे.

लायल काठावर गेला, वेंडेलकडे पाठ करून कष्टाने वाकला. त्याच्या जाकिटाला दोरीने तापमापक बांधलेला असतो. त्यावर माझ्या नेलपॉलिशने एक लाल रेघ ओढलेली आहे. पारा रेघेच्या वर गेला की मासेमारी बंद, हा त्याचा स्वतःचा कायदा. सरकारचा नंतर आला. त्याने तो पाण्यात धरला, उचलून पाहिला, पुन्हा धरला. मग गळ मासेमारीच्या काठीच्या कडीत अडकवून आवरला, वळला आणि वेंडेलकडे न बघता चढण चढायला लागला.

वेंडेलचा चेहरा मी पाहिला. कुणी तोंडावर थुंकावं तसा झाला होता.

गाडीत बसल्याबरोबर मी लायलवर तुटून पडले. "हे काय केलंस?"

"पाणी रेघेच्या वर आहे. रात्रीतही उतरलं नाही. अशा पाण्यात मासा झुंजवला, तर सोडून दिला तरी मरतो तो."

"मग हे त्याला सांग ना! त्याला वाटलं, तू त्याचा डोह नाकारलास."

"काय सांगू? नऊ वर्षांनी पहिलं वाक्य काय, तर पाणी तापलंय? त्याला वाटेल, आला पुन्हा कायदा शिकवायला." त्याने काचेतून खाली पायवाटेकडे पाहिलं. मग म्हणाला, "त्याने दिला, आर्डिस. पाहिलंस ना? स्वतः बाहेर आला."

"पाहिलं. म्हणूनच म्हणते, जा खाली."

"आता नको. पाऊस पडू दे, पाणी गार होऊ दे. मी त्याच्या आधी येऊन उभा राहीन आणि पहिली पाळी त्याला देईन. तेव्हा बोलू. तू मधे पडू नकोस, हे माझं मला करू दे."

इतकं खूश मी त्याला कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. घरी जाईपर्यंत शीळ घालत होता. मला वाटलं, महिनाभराचा तर प्रश्न आहे.

पाऊस यायच्या आधी दुसरा झटका आला. जीव वाचला, उजवा हात आणि वाचा गेली. समजतं सगळं. बोलायला जातो आणि घशातून नुसता आवाज येतो.

हॉस्पिटलमधून घरी आणल्यावर तिसऱ्या दिवशी वेंडेल दारात उभा राहिला, टोपी हातात, कागदात गुंडाळलेला धुरी दिलेला सामन मासा घेऊन. लायल खिडकीपाशी खुर्चीत होता. वेंडेलने तिकडे न बघताच मला स्वयंपाकघरात म्हटलं, "हे तुझ्यासाठी आणलंय. माझ्या हातचा डोहसुद्धा नको होता त्याला, मासा कशाला खाईल?"

मी सगळं सांगितलं. तापमापकाचं, रेघेचं, गाडीतलं, पहिल्या पाळीचं. आवाज मुद्दाम खाली आणला नाही. लायलला ऐकू जाऊ दे, म्हटलं.

वेंडेल स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसला. "मी पाहिलंच नव्हतं पाणी किती तापलंय," तो म्हणाला. "पाण्यात उतरायच्या त्या रबरी विजारीतून काही कळत नाही. मी तर गळ टाकणारच होतो."

"हो. टाकणारच होतास."

तो उठला, लायलच्या समोर स्टूल ओढून बसला.

"गाढवा, घरी जा, पाणी तापलंय," वेंडेल म्हणाला. "एवढंच म्हणायचं होतंस. शिवी घातली असतीस तरी चाललं असतं. मला काहीही चाललं असतं, लायल."

लायलने तोंड उघडलं. मान ताणली, डाव्या हाताने खुर्चीचा दांडा घट्ट धरला, ओठ जुळवले, पुन्हा जुळवले. मला कळत होतं त्याला काय म्हणायचंय: पहिली पाळी तुझी. बेत मी सांगून टाकला होता, पण ते शब्द मी त्याच्या वतीने म्हणणार नव्हते. त्याने ते स्वतःसाठी राखून ठेवले होते. वेंडेल पुढे वाकून, कान देऊन बसला होता. आवाज आला, शब्द आला नाही.

"पुन्हा म्हण," वेंडेल म्हणाला.