बंडूजींचा पहिला नंबर

सासरे बंडूजी वेबसाइट काढणार म्हटल्यावर दिपालीनं कपाळाला हात लावला, तो उगाच नव्हे. सेलूत त्यांचा बैलांनी ओढायचे डवरे-वखर बनवायचा कारखाना. ट्रॅक्टर आल्यापासून गिऱ्हाईक आटलेलं. बाहेरच्या तालुक्यांतून मागणी आली नाही, तर दसऱ्यानंतर दिपालीचा नवरा प्रफुल नागपूरला अवजारांच्या कंपनीत नोकरीला जाणार, हे ठरलेलं होतं.

२००७ साली वेबसाइट झाली. कसली वेबसाइट, लग्नपत्रिका ती! साइटचा पत्ता बंडूजींच्या नावाचा. वर गणपती, मधोमध फेट्यातले बंडूजी, खाली ‘आपले स्नेहांकित’ म्हणून मानपानाप्रमाणे अठरा सोयरे. सगळं छापून त्याचा एकच फोटो चिकटवलेला. डवऱ्याचं नाव कुठंच नाही. का? तर म्हणे, “सेलूत कोनाले मालूम नाई?”

फोटोतली अक्षरं इंटरनेटवरच्या सर्चला वाचता येत नव्हती. आली असती, तरी अठरा सोयरे घेऊन डवरा शोधणारा काय करणार होता?

दिपालीचा कम्प्युटरचा कोर्स झालेला. तिनं पत्रिका खाली ढकलली आणि वर साध्या अक्षरांत लिहिलं: डवरा, वखर, भाव, फोन, स्टँडवरून यायचा रस्ता. दोन महिन्यांत समुद्रपूरहून फोन आला. पंचवीस डवरे पाहिजे होते. दिपाली हरखून गेली.

फोनवर बंडूजींनी विचारलं, “साइटवर माहा फोटो पाह्यला का?”

“फोटो नाई जी, डवऱ्याचा भाव पाह्यला.”

झालं! बंडूजींच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. “माह्याच साइटवर मी खाली काऊन? काढ ते,” त्यांनी प्रफुलला फर्मावलं. आणि त्या नंदीबैलानं मान हलवून बायकोनं लिहिलेलं सगळं पुसून टाकलं. दिपालीला सासऱ्याची कीव आली. नवऱ्याची मात्र किळस आली.

दुसरा फोन आलाच नाही. दसरा झाला. प्रफुलला नागपूरच्या गाडीत बसवून परतताना बंडूजी तिला स्टँडजवळच्या सायबर कॅफेत घेऊन गेले. एका बोटानं त्यांनी सर्चमध्ये स्वतःचं नाव टाइप केलं.

“पाह्य सूनबाई, पहिला नंबर!”

“आता डवरा टाका, मामाजी.”

त्यांनी टाकलं. पाच पानं उलटली, तरी बंडूजींचा फेटा काही दिसेना. दिपालीनं पुन्हा पहिलं पान काढलं. सगळ्यात वर नागपूरची एक कंपनी होती. तिथंच प्रफुल उद्या सकाळी हजर होणार होता.

“हा घ्या,” ती म्हणाली, “पहिला नंबर.”